ह्युई लाँगचा पेपर आणि 'दर खोट्यामागे दोन सेंट'

नदीकाठचा (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर 'पुढाऱ्याने स्वतःचं वर्तमानपत्र काढावं का' यावरून जुंपली होती. तिथे मी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा जुना गव्हर्नर ह्युई लाँग याचं नाव टाकून पळ काढला. मग दोघातिघांनी व्यनितून (खासगी निरोपातून) पकडलं, की अर्धवट सोडू नका, नीट लिहा. घ्या. लांबलंय, चहा घेऊन बसा.

कामानिमित्त मी चार वर्षं बॅटन रूजला होतो. ही लुइझियानाची राजधानी, मिसिसिपीच्या काठावर. तिथलं विधानभवन म्हणजे चक्क ३४ मजली टॉवर आहे, अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांच्या विधानभवनांत सर्वांत उंच. बाहेरच्या पायऱ्यांवर एकेका राज्याचं नाव कोरलंय, आणि अलास्का-हवाई मागाहून आल्यामुळे त्या दोघांना शेवटच्या पायरीवर दाटीवाटीने बसवलंय. २७ व्या मजल्यावर गॅलरी आहे, फुकट. पाहुणे आले की मी तिथे न्यायचोच. दक्षिणेला बघितलं की खाली बाग, बागेत पुतळा आणि त्याच्याखाली समाधी. उत्तरेला वळलं की चिमण्या, टाक्या, पाइपांचं जंगल: १९०९ साली स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य तेल कंपनीने उभारलेली रिफायनरी. समाधी ज्याची, त्याने आयुष्यभर त्या चिमण्यांशी भांडण केलं.

आईला हे सगळं सांगितलं. तिने दोन्हीकडे बघितलं आणि विचारलं, "मग याने कंपनी बंद पाडली?"

नाही.

"मग एवढा भांडला कशाला?"

तर त्याची गोष्ट.

ह्युई लाँग १८९३ चा, विन पॅरिश नावाच्या गरीब भागातला. (पॅरिश म्हणजे तिकडचा जिल्हा.) पोरवयात दारोदार फिरून स्वयंपाकात डुकराच्या चरबीऐवजी वापरायचा एक स्निग्ध पदार्थ विकायचा. पुढे वकील झाला आणि अशिलांच्या बरोबरीने छोट्या तेलविहिरींत पैसे घातले. तेल लागलंही. पण तेल नुसतं लागून भागत नाही, ते वाहून न्यायला पाइपलाइन लागते, आणि पाइपलाइन स्टँडर्ड ऑइलच्या. कंपनीने एक दिवस सांगितलं, बाहेरच्यांचं तेल घेणार नाही. लाँगच्या शेअरांची रद्दी झाली. हा राग त्याने मरेपर्यंत जपला, आणि जपताना त्याची राजकीय किंमतही त्याला पुरती कळली होती.

१९१८ साली, पंचविशीत, तो रेल्वे कमिशनवर निवडून आला. या कमिशनकडे रेल्वे, टेलिफोन, पाइपलाइन यांचे दर ठरवायचं काम. तिथे त्याने टेलिफोन कंपनीला दरवाढ परत घ्यायला लावली आणि लोकांना पैसे परत मिळाले. आता विचार करा, ज्याच्या घरी टपालाने परताव्याचा चेक येतो, तो माणूस दुसऱ्या दिवशी पेपरात लाँगविरुद्ध अग्रलेख वाचून काय करेल? पेपर बाजूला ठेवेल.

१९२४ ला गव्हर्नरपदाला उभा राहून पडला, १९२८ ला जिंकला. त्या वेळी अख्ख्या राज्यात पक्के रस्ते सुमारे ३०० मैल. शाळेची पुस्तकं पालकांनी विकत आणायची. त्याने तेल, वायू, लाकूड यांच्या उत्खननावर कर वाढवून पुस्तकं फुकट केली. पुढच्याच वर्षी, १९२९ ला, रिफायनरीतून निघणाऱ्या तेलावर पिंपामागे ५ सेंट कर लावायचा प्रस्ताव आणला आणि तिथे मधमाश्यांच्या पोळ्यात हात गेला. विधानसभेत हाणामाऱ्या झाल्या. कर राहिला बाजूला, त्याच्यावरच महाभियोग आला.

न्यू ऑर्लिन्सचे मोठे पेपर सगळे विरोधात. बॅटन रूजचे दोन पेपर एकाच घराण्याचे, तेही विरोधात. लाँगने काय केलं? पत्रकं छापली. हा स्टँडर्ड ऑइल विरुद्ध ह्युई लाँग असा सामना आहे, दुसरं काही नाही, हा मजकूर. वाटायला रस्तेखात्याची माणसं आणि सरकारी गाड्या. एका रात्रीत पत्रक गावोगावच्या दारात पडायचं. ज्या शेतकऱ्याकडे शहरी पेपर येतच नव्हता, त्याच्याकडे हे एवढंच छापील पान यायचं. शेवटी राज्याच्या सिनेटमधल्या ३९ पैकी १५ जणांनी 'काही झालं तरी आम्ही दोषी ठरवणार नाही' असं लिहून दिलं; दोषी ठरवायला दोन-तृतीयांश मतं लागायची, त्यामुळे महाभियोग बारगळला. त्या पंधरांचं पुढे कल्याण झालं, हे वेगळं सांगायला नको.

यातून तो एवढंच शिकला, की पत्रक एकदाच वाचून फेकतात. दर आठवड्याला दार ठोठावणारं काहीतरी हवं. मार्च १९३० मध्ये त्याने 'लुइझियाना प्रोग्रेस' हे साप्ताहिक काढलं. छपाई कुठे? राज्याबाहेर, शेजारच्या मिसिसिपीतल्या मेरिडियन गावात. का, ते तुम्हीच ओळखा.

पेपर काय होता म्हणता? वाचताना मजा येते हो, खोटं कशाला सांगू. पानभर व्यंगचित्रं आणि प्रत्येक विरोधकाला एक टोपणनाव. न्यू ऑर्लिन्सच्या महापौराचं नाव 'टर्कीडोक्या'. ज्या म्हाताऱ्या सिनेटरविरुद्ध लाँग उभा राहिला त्याची दाढी निमुळती, म्हणून तो 'पिसांचा झाडू'. कंपनीविरुद्धची आकडेमोड चार ओळींत, सातवी झालेल्याला कळेल अशी. त्याच वर्षी तो त्या झाडूला हरवून वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या सिनेटवर निवडून गेला. १९३३ मध्ये पेपरचं नाव 'अमेरिकन प्रोग्रेस' झालं, कारण आता साहेबांचं लक्ष वॉशिंग्टनवर होतं.

आणि आता खरी मेख. पेपरचा पैसा कुठून यायचा? सरकारी नोकरांनी वर्गणी भरायची, वर आणखी वर्गणीदार आणून द्यायचे. ज्या ठेकेदारांना रस्त्यांची कामं मिळाली त्यांनी जाहिराती द्यायच्या. पगारातून ठरावीक टक्के कापून रोख रक्कम एका पेटीत जमा व्हायची. तिला लोक 'डिडक्ट बॉक्स', म्हणजे 'कपातीची पेटी' म्हणत. तो मेल्यावर ती पेटी कुणाला सापडली नाही.

१९३४ मध्ये दुसरं टोक. सिनेटर झाला तरी राज्य त्याच्याच मुठीत होतं. आठवड्याला २०,००० हून जास्त खप असलेल्या पेपरांच्या जाहिरात-उत्पन्नावर २ टक्के कर. कात्रीत सापडले १३ पेपर. त्यातले एक सोडून सगळे त्याच्या विरोधातले. हा खोटं बोलण्यावरचा कर आहे, दर खोट्यामागे दोन सेंट, असं त्याच्या बाजूच्या पत्रकात उघड छापलं होतं. पेपरवाले कोर्टात गेले. फेब्रुवारी १९३६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने कर रद्द केला. पेपरला इतरांसारखा कर लावायला हरकत नाही, पण हा कर म्हणजे लोकांपर्यंत माहिती पोचू नये म्हणून मुद्दाम रचलेली युक्ती आहे, असा निकालाचा आशय. निकाल ऐकायला लाँग नव्हता. सप्टेंबर १९३५ मध्ये त्याच टॉवरच्या तळमजल्यावर त्याला गोळी लागली, दोन दिवसांनी गेला.

माझं मत एका वाक्यात: कंपनीबद्दल तो बरंचसं खरं बोलत होता, आणि त्याचा पेपर तरीही वाईट होता. या दोन्ही गोष्टी एकत्र पचवायला जड जातात म्हणून धागा काढला.

---

खमंग_थालीपीठ

मस्त लेख. चहा दोनदा झाला. 'पिसांचा झाडू' वाचून अत्रे आठवले नसते तर नवल.

---

जुना_दादरकर

थालीपीठ, तेच लिहायला आलो होतो. अत्र्यांनी 'मराठा' काढला १५ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे ऐन संयुक्त महाराष्ट्राच्या रणधुमाळीत, आणि १९५७ ला ते स्वतः दादरमधून विधानसभेवर गेले. इथेही समोर धनदांडगे होतेच. मुंबई महाराष्ट्रात जाऊ नये म्हणून पुरुषोत्तमदास ठाकूरदासांच्या नेतृत्वाखाली 'बॉम्बे सिटिझन्स कमिटी' होती, तिने राज्य पुनर्रचना आयोगाला निवेदन दिलं होतं. आमच्या चाळीत एक 'मराठा' यायचा आणि तो आजोबा मोठ्याने वाचायचे, म्हणजे एका अंकात तीन मजले निघायचे. मोरारजींवरचा मजकूर आला की खालून कुणीतरी ओरडायचं, "पुन्हा वाचा!"

पण तुलना इथेच थांबवावी. अत्र्यांच्या हातात सरकार नव्हतं. सरकारी कारकुनाच्या पगारातून 'मराठा'ची वर्गणी कापणारा कुणी नव्हता. लाँग गव्हर्नरच्या खुर्चीत बसून पेपर काढतो, मग तो विरोधी आवाज कसा?

---

नदीकाठचा (धागाकर्ता)

दादरकर, मान्य. पण त्याच्या डोक्यात तो शेवटपर्यंत विरोधी पक्षातच होता. राज्य त्याचं, पोलीस त्याचे, तरी भाषणात 'ते आपल्याला चिरडतायत'. हे जमतं बघा काहींना.

---

तर्कट

लेख चांगला, पण एक प्रश्न. न्यू ऑर्लिन्सचे पेपर कंपनीने विकत घेतले होते याला पुरावा काय? की लाँग म्हणाला म्हणून?

---

नदीकाठचा (धागाकर्ता)

तर्कट, विकत घेतले होते असं मी लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. तो म्हणायचा. तशी गरज तरी कुठे होती? पेपरचे मालक, बँकवाले आणि कंपन्यांचे वकील एकाच क्लबात जेवणारी माणसं. त्यांना पाच सेंटांचा कर मनापासून वाईट वाटायचा. लाच दिली असती तर निदान पावती सापडली असती.

उलट बाजूही सांगतो, लेखात राहिली. महाभियोगाच्या सुमारास त्याने बॅटन रूजच्या पेपरमालकाला धमकावलं, की तुझा भाऊ सरकारी मनोरुग्णालयात आहे हे मी जाहीर करेन. मालक दबला नाही, ती धमकीच त्याने पहिल्या पानावर छापली. लाँगच्या चाहत्यांनी हा प्रसंग वाचावा आणि मग माझ्याशी बोलावं.

---

काळा_कोट

वकिली किडा चावला म्हणून लिहितोय.

धागाकर्त्याने सांगितलेला तो अमेरिकन खटला म्हणजे ग्रोझजाँ विरुद्ध अमेरिकन प्रेस कंपनी. ग्रोझजाँबाई आधी लाँगच्या सेक्रेटरी होत्या, नंतर राज्याच्या हिशेबखात्यात कर वसूल करायच्या जागी बसल्या, म्हणून नाव त्यांचं. आमच्याकडे हे नाव विद्यार्थ्यांना पाठ असतं, त्यामागे ह्युई लाँग उभा आहे हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९५८ च्या एक्सप्रेस न्यूजपेपर्स खटल्यात (पत्रकारांच्या पगाराचं वेतन मंडळ) आपल्या सुप्रीम कोर्टाने त्याची दखल घेतली आणि १९८४ ला वृत्तपत्रांच्या कागदावरील आयातशुल्काच्या खटल्यात पुन्हा घेतली. म्हणजे लुइझियानातल्या एका माणसाने पेपरवाल्यांवर काढलेला राग आपल्या कलम १९(१)(क) च्या पुस्तकात येऊन बसलाय.

आणि खास पुणेकरांसाठी: 'सकाळ'चा खटला. १९५६ चा किंमत-आणि-पानं कायदा आणि १९६० चा आदेश. पेपरने अमुक किमतीला अमुकच पानं द्यायची, जाहिरातींच्या जागेवरही बंधन. सरकारचा युक्तिवाद काय होता माहितीये? मोठे पेपर छोट्यांना गिळतायत, मक्तेदारी मोडायची आहे. ऐकायला किती गोड! 'सकाळ' काही राजधानीतला बलाढ्य पेपर नव्हता, पण कायद्याने तोच कापला जात होता: किंमत वाढवली तर वाचक जाणार, पानं कमी केली तर मजकूर जाणार. अर्जदारांत पेपरबरोबर दोन वाचकही होते. १९६१ ला कोर्टाने तो कायदा फेकून दिला. निकाल लिहिला न्यायमूर्ती मुधोळकरांनी, नागपूरहून वर गेलेले.

---

तर्कट

काळा कोट, म्हणजे मक्तेदारीविरुद्ध सरकारने काहीच करू नये? छोट्या पेपरने मरावं?

---

काळा_कोट

मी कुठे म्हटलं तसं. मक्तेदारी मोडायला दुसरे मार्ग आहेत. पानं मोजून मोडता येत नाही, एवढंच कोर्टाचं म्हणणं.

---

ऊसवाला

मी नेहमी वाचनमात्र असतो, पण 'कपातीची पेटी' वाचून राहवलं नाही.

कॉलेज संपल्यावर दीड वर्ष मी आमच्या तालुक्यातल्या एका साप्ताहिकात होतो. मालक एक पुढारी, गावाचं नाव सांगत नाही. साप्ताहिकाचा जन्मच साखर कारखान्याविरुद्ध. दर अंकात 'काटा' नावाचं सदर असायचं: काटामारी कशी होते, कुणाच्या ट्रॉलीत किती टन कमी भरले, पहिली उचल किती ठरली होती आणि प्रत्यक्ष किती दिली. ते सदर मी लिहायचो. खोटं सांगत नाही, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. शेतकरी वजनाच्या पावत्या घेऊन यायचे. खाजगी काट्यावरची एक, कारखान्याची एक, आणि दोन्ही शेजारी ठेवून मी फोटो काढायचो. एक म्हातारे धोतराच्या सोग्यात गुंडाळून सात हंगामांच्या पावत्या घेऊन आले होते. हळदीचे डाग पडलेले, पण एकही फाटलेली नाही.

आता दुसरी बाजू. त्या पुढाऱ्याच्या शिक्षणसंस्थेत जेवढे मास्तर, तेवढे आमचे 'आजीव वर्गणीदार'. बुधवारी रात्री अंक यायचा, गुरुवारी सकाळी शिपाई प्रत्येक शाळेत गठ्ठा टाकायचा. मास्तर न वाचता त्यात डबा गुंडाळायचे. जाहिराती कुणाच्या, तर ज्यांना झेडपीची कामं हवीत त्यांच्या.

पुढे निवडणुकीत साहेबांचं पॅनेल आलं. साहेब कारखान्यावर. निकालानंतरच्या पहिल्या अंकाला मी नेहमीप्रमाणे 'काटा' लिहून दिला. संपादकांनी (तेही बिचारे नोकरच) पान लावताना तो काढला आणि त्या जागी सत्काराचा फोटो टाकला. मला म्हणाले, "तू लिहितोस चांगलं, आता कवितांचं पान बघ." मी कविता बघितल्या नाहीत, सोडलं.

---

खमंग_थालीपीठ

ऊसवाला, वाचनमात्र राहू नका हो. यावर वेगळा धागा काढा.

---

मावळची_माती

मुळशीचं कुणीच नाव काढत नाही? आमच्या बाजूची गोष्ट आहे. १९२१ ते २४, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांचा सत्याग्रह, सेनापती बापट तुरुंगात गेले. जमिनी गेल्या, धरण झालं, वीज मुंबईला गेली. आमच्या पणजोबांना तेव्हा अक्षरओळख नव्हती. त्यांच्या बाजूने पुण्यात कुणी काय छापलं हे त्यांना कोण वाचून दाखवणार? म्हणून मला लाँगच्या पत्रकांचं कौतुक वाटतं, माफ करा. निदान ते बांधापर्यंत पोचत तरी होतं.

---

नदीकाठचा (धागाकर्ता)

माती, माफी कसली? हाच भाग लोक विसरतात. शहरी पेपरांनी त्या शेतकऱ्याला कधी वाचक मानलंच नव्हतं. लाँगने मानलं. स्वार्थासाठी मानलं, पण मानलं. १९३४ ला त्याने मतदानासाठी भरावा लागणारा कर रद्द केला, त्यामुळे गरीब गोऱ्यांना मत देणं सोपं झालं. काळ्यांच्या वाट्याला मात्र ते आलं नाही, त्यांना अडवायला इतर नियम होतेच, आणि त्या नियमांविरुद्ध 'प्रोग्रेस'ने आघाडी उघडली नाही.

---

तर्कट

शेवटी त्या पाच सेंटच्या कराचं झालं काय? ते लिहायचं विसरलात.

---

नदीकाठचा (धागाकर्ता)

विसरलो नाही, लाजेखातर टाळलं, कारण माझा नायक तिथे जरा पडतो.

डिसेंबर १९३४ मध्ये कर मंजूर झाला. कंपनीने कामगारकपात सुरू केली. जानेवारीत रिफायनरीचे कामगार आणि इतर विरोधक 'स्क्वेअर डील असोसिएशन' या नावाखाली एकत्र आले आणि बंदुका घेऊन बॅटन रूजच्या कोर्टाच्या इमारतीत घुसले. शहरात लष्करी कायदा लागला. म्हणजे बघा, ज्या गरिबांसाठी भांडण, त्यातलेच काही त्याच्यावर बंदूक रोखून उभे, कारण त्यांची चूल त्याच चिमणीवर पेटत होती. आणि तोवर लाँगने कंपनीशी तडजोड केलेलीही होती: बहुतांश तेल लुइझियानातल्याच विहिरींचं शुद्ध केलंत तर पाचातले चार सेंट परत. उरला एक सेंट.

आणि १९३४ मध्येच लाँग आणि त्याच्या सोबत्यांनी एक तेल कंपनी काढली होती. राज्याच्या मालकीच्या जमिनींवरचे तेलाचे पट्टे घेऊन ते मोठ्या कंपन्यांना पुढे द्यायचे आणि मधला हिस्सा ठेवायचा. कंपनीचं नाव 'विन ऑर लूज'.

---

ऊसवाला

जिंकू किंवा हरू! नाव तरी प्रामाणिक ठेवलं.

बाकी, वर कुणीतरी व्यनितून विचारलं म्हणून इथेच सांगतो: आमचं ते साप्ताहिक अजून निघतं. मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा चिवड्याखाली अंक होता. शेवटचं पान पूर्ण रंगीत, गळीत हंगामाच्या शुभेच्छा, कारखान्याकडून.

---

खमंग_थालीपीठ

आणि 'काटा' सदर?

---

ऊसवाला

आहे की. आता त्यात शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याची वजनं असतात.